कान जाड ठेवण्याची विद्या

सभ्यतेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अग्नीला, चाकाला आणि लिपीला भरपूर मान दिला. न ऐकण्याच्या विद्येकडे मात्र त्यांनी, विषयाला शोभेल असाच, कानाडोळा केला. वास्तविक चार माणसे एका छपराखाली वर्षानुवर्षे नांदतात ती परस्परांवरील प्रेमामुळे नव्हे. शेजारच्या खोलीतले आपल्या कानी आलेच नाही, असे प्रत्येकाला दाखवता येते, म्हणून नांदतात. या विद्येचा परमोत्कर्ष कोणत्याही राजदरबारात झाला नाही. तो शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे, अंधारात निघालेल्या एका यानात झाला, आणि त्याची किंमत एका माळ्याने चुकती केली.

यान अवाढव्य होते. माणसांच्या वाट्याला त्यातला अगदी कोपरा आला होता. चार खोल्या, एक टेबल, एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला मळा. वजन वाचावे म्हणून भिंती पुठ्ठ्याहून जेमतेम जाड. हवा खेळवणाऱ्या नळ्या सगळ्या खोल्यांतून फिरत आणि हवेसोबत उरलेलेही सगळे फिरवून आणत: घोरणे, खोकणे, झोपेतली बडबड, पोटातली गुरगुर. बाहेर जन्मजात मुका असा अपार काळोख, आणि आत एकाची जांभई चौघांच्या मालकीची.

निघण्यापूर्वी प्रशिक्षण केंद्रात एक निवृत्त प्रवासिनी त्यांना शिकवायला येत असे. यंत्रांविषयी ती चकार शब्द बोलली नाही. ती म्हणाली, "भिंती पातळ आहेत, तेव्हा कान जाड ठेवा. कोणी रडलं तर विचारायचं नाही. कोणी एकटंच बोलायला लागलं तर आपण तिथे नव्हतोच. अहो, ज्याला तुमची गरज असेल तो दार वाजवेल की!" चौघे हसले होते. चौघांना ते पटले होते.

चौघे म्हणजे कप्तानबाई, मिस्त्री, डॉक्टर आणि माळी. कप्तानबाई निवृत्तीला टेकलेल्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. मिस्त्री यानाच्या सगळ्या यंत्रांचा धनी. त्याच्या जिभेला हाड नव्हते. मळा सांभाळणारा माळी हा डॉक्टरचा धाकटा दीर. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तो शाळेत होता, आणि तेव्हापासून काहीही हरवले, अडले, फाटले की घरात एकच हाक उठे: "वहिनी!" त्याला या प्रवासाला घेण्याची शिफारसही वहिनीचीच. "माझ्या डोळ्यांसमोर राहील," असे तिने सासूबाईंना सांगितले होते.

प्रवासाच्या दुसऱ्या वर्षी माळी रडू लागला. रडण्याला कारण लागते हा जमिनीवरचा समज आहे. तिथे कारणे असतात म्हणून तो रुजला. माळी दुपारच्या जेवणाच्या सुमारास मळ्यात जाऊन रडे आणि रडताना मुठीने नळीवर हलके हलके ठोके मारी. नळी ते ठोके इमानाने टेबलापर्यंत पोहोचवी. मग तो लाल डोळ्यांनी उशिरा जेवायला येई आणि म्हणे, "कांद्यांना पाणी घालत होतो."

"कांदे जोरात आलेत म्हणायचे यंदा," मिस्त्री एकदा म्हणून गेला.

कप्तानबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की पुन्हा कांद्याचे नाव निघाले नाही. डॉक्टर आपल्या ताटाकडे पाहत राहिली. दिराच्या पाठीवर हात ठेवावा असे तिला वाटले. पण तसे करणे म्हणजे ऐकल्याची कबुली देणे, आणि कबुली देणे म्हणजे त्याला चारचौघांत उघडा पाडणे. असा विचार सुसंस्कृत माणसेच करू शकतात. अडाणी बाईने केव्हाच विचारले असते, "का रे रडतोस?"

मळ्याच्या मागे बियाण्यांची कोठी होती, हाडे गोठवणाऱ्या थंडीची. दार आतून अडकले तर दाबायला आत एक घंटा होती. पण दव गोठले की ती आपोआप वाजे आणि कोणाला तरी जेवणावरून उठावे लागे. वैतागून चौघांनी ती एकमताने बंद करून टाकली होती. माळ्यानेही हात वर केला होता. सार्वजनिक निर्णय असेच होतात: बुडणाराही होडीला भोक पाडण्याच्या बाजूने मत देतो.

त्या दुपारी तिघे जेवायला बसले आणि ठोके सुरू झाले.

नेहमीपेक्षा ते जोरात होते. नेहमीपेक्षा ते जास्त वेळ चालले. मिस्त्री पाणी प्यायला. कप्तानबाईंनी ताटाची कड पुसली. मग नळीतून, कापसात गुंडाळल्यासारखी, हाक आली: "वहिनी!" आणि पुन्हा, "वहिनी!"

डॉक्टर बोलू लागली. तिने आपल्या पहिल्या दवाखान्यातली गोष्ट काढली: एका म्हातारबुवांना बायको कान तपासायला घेऊन आली होती. "मी दोन्ही कान तपासले. ठणठणीत. म्हटलं, आजोबा, तुम्हाला तर सगळं ऐकू येतं! तर म्हणाले, हळू बोला हो डॉक्टर, ती बाहेरच बसली आहे."

कप्तानबाई हसल्या. मिस्त्री टेबलावर हात मारून हसला. गोष्टीच्या लायकीपेक्षा कितीतरी मोठ्याने, कितीतरी वेळ. ते हसणे ओसरले तेव्हा नळी गप्प झाली होती. तिघांनाही हायसे वाटले. हे वाक्य पुढे कोणत्याही निवेदनात आले नाही.

पुढच्या जेवणालाही माळी आला नाही, तेव्हा कप्तानबाई त्याला शोधायला गेल्या. कोठीच्या दाराची आतली कडी गोठून जागच्या जागी बसली होती. तो दाराला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी. तपासणी डॉक्टरनेच केली, दुसरे कोण करणार? त्याच्या दोन्ही हातांच्या पेरांवरची कातडी निघाली होती. तिने ते हात फडक्यात गुंडाळले, फार नीट, एखाद्या बाळाचे गुंडाळावेत तसे, आणि फडक्यावर पट्टी बांधली, म्हणजे कोणाला सहज सोडता येऊ नये. त्याला ठेवायला यानात दुसरी थंड जागा नव्हती. त्याला कोठीतच ठेवले.

निरोप घरी पोहोचून उत्तर यायला दोन दिवस लागत. डॉक्टरने घरी कळवले, "झोपल्यासारखा गेला. त्रास झाला नाही." केंद्राकडून प्रश्न आला: घटनेच्या वेळी कोणी काही आवाज ऐकला होता काय? तिघांनी आपापल्या खोलीत बसून वेगवेगळी उत्तरे लिहिली. तिन्ही उत्तरे एकच होती. कोणी कोणाला विचारले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तीन मुठी होत्या आणि तिन्हींत तेच होते.

मग सासूबाईंचा निरोप आला. पडद्यावर त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि मागे डॉक्टरचा नवरा उभा होता, आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. त्या घरात बोलण्याचे खाते पहिल्यापासून आईकडे होते.

"तू होतीस म्हणून मी त्याला सोडला होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "तुला दोष देत नाही गं. पण एक सांग मला. तो अडकला तर आधी तुला हाक मारल्याशिवाय राहायचा नाही. मारली का? एवढंच सांग. मला रात्रंदिवस एकच दिसतं, की तो हाक मारतोय आणि कोणी नाही. तू ऐकली नसशील तर तसं सांग. ऐकली असशील तर तसं. मी दोन्ही ऐकून घेईन."

डॉक्टरने उत्तर पाठवले नाही. खोटे तिने केंद्राला बिनदिक्कत लिहून दिले होते. केंद्राला चेहरा नव्हता. पण या प्रश्नाला नाही म्हणायचे तर त्या बाईच्या डोळ्यांसमोरची निर्जन जागा कायमची निर्जन राहणार होती. आणि हो म्हणायचे तर त्या जागेत तीन माणसे आणून बसवावी लागणार होती, जेवत, हसत. ती रोज यंत्रासमोर बसे आणि रोज उठून येई.

अशातच ठोके पुन्हा सुरू झाले.

वेळ जेवणाचीच. टेबलावर आता ती आणि कप्तानबाई अशा दोघीच असत. मिस्त्रीने कामाचे निमित्त करून उभ्याउभ्या खायला सुरुवात केली होती. आधी मळ्याच्या बाजूने दबके ठोके येत. थोड्या वेळाने अधिक स्पष्ट, जणू कोणी जवळ सरकले आहे. मग परत दबके. डॉक्टरच्या मानेवर घाम येई. ती कप्तानबाईंकडे पाही. कप्तानबाई भाकरीऐवजी मिळणारा तो पिठूळ गोळा एकाग्रतेने चिरत असत.

त्यांना ऐकू येत होते का? या प्रश्नाने तिला जेवढे पोखरले तेवढे ठोक्यांनीही नाही. येत नसेल, तर ती वेडी होत होती. हा निर्णय सोपा होता, त्याला औषधे होती, आणि ती तिच्याच कपाटात होती. पण येत असेल तर? "तुम्हाला काही ऐकू येतंय का?" हा पाच शब्दांचा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाने विचारला असता. या यानात मात्र तो विचारणे म्हणजे नळीतून टेबलापर्यंत आवाज येतो हे मान्य करणे, आणि ते मान्य केले की त्या दुपारचेही मान्य झाले. चोराच्या मनात चांदणे असते. इथे तर बाहेर चंद्रही नव्हता आणि तरी लख्ख उजेड पडला होता.

एकदा ती बोळात मिस्त्रीला गाठून उभी राहिली. त्याचे डोळे खोल गेले होते.

"पंख्याचा आवाज वाढलाय का हल्ली?" तिने विचारले.

"तुम्हाला त्रास होतो का पंख्याचा?"

"मला? छे. मला कुठे काय ऐकू येतं. म्हटलं, तुम्हाला होत असेल."

"मलाही नाही ऐकू येत काही."

"मग ठीक आहे."

"हो. ठीकच आहे."

दोघे एकमेकांना वाट देत भिंतीला चिकटून सरकले. लखलखीत सौजन्य! एखाद्या घराला आग लागावी आणि आतल्यांनी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत कोळसा व्हावे, तसे.

त्यानंतरच्या एका जेवणात ठोके आले, आणि थांबेचनात. मोठे, बेभान, धातूवर धातू आपटावा तसे. डॉक्टरने चमचा खाली ठेवला. तेव्हा तिला एक साधी गोष्ट आठवली, जी भीतीने इतके दिवस आठवू दिली नव्हती: यानात जिवंत माणसे तीन होती, आणि टेबलावर दोनच होती.

"कोणीतरी ठोकतंय," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"ठोकतंय कोणीतरी. कोठीकडून."

"मला काही ऐकू येत नाही."

"येतंय. तुमचा घास थांबलाय."

"जेवा डॉक्टर. निवतंय."

"मिस्त्री कुठे आहे?"

कप्तानबाईंनी गोळ्याचा आणखी एक तुकडा चिरला. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"तो आत अडकला असेल तर?"

"तुम्ही आत्ता उठलात," कप्तानबाई सावकाश म्हणाल्या, "तर त्याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला? इथे बसून तिकडचं ऐकू येतं असा होतो. आपण तिघांनी लिहून दिलंय."

"मला तेव्हाही ऐकू आलं होतं. तुम्हालाही आलं होतं. तुम्ही माझ्या गोष्टीवर हसलात, बाई. ती गोष्ट तुम्ही आधी दोनदा ऐकली होती."

कप्तानबाईंचा चेहरा म्हातारा झाला. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचा दीर होता तो. मला वाटलं, तुम्ही उठाल."

डॉक्टर उठली. बोळ छोटा होता. किती छोटा, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, आणि ते कळल्यावर तिला चालवेना.

मिस्त्री कोठीच्या आत नव्हता. तो दाराबाहेर उभा होता, पाना हातात घेऊन, आणि दारावर बाहेरून ठोकत होता. ठोकायचा, कान दाराला लावायचा, पुन्हा ठोकायचा. तिला पाहून तो दचकला नाही.

"तुम्ही ठोकताय?" तिने विचारले. "इतके दिवस तुम्हीच?"

"मी उत्तर देतो फक्त. आधी तिकडून येतं. तुम्हाला दोन्ही ऐकू येत नाहीत?"

तिला दोन्ही ऐकू येत होते. पहिल्या दिवसापासून.

"उघडा," ती म्हणाली.

त्याने उघडले. आत माळी त्यांनी ठेवला होता तसाच होता, पट्ट्यांनी बांधलेला, हात फडक्यात. गाठी तिच्याच होत्या. कोणी काही सोडले नव्हते. दोघे थंडीत उभे राहिले. मग भिंतीतल्या नळीने, त्यांच्या डोळ्यांदेखत, दोन ठोके दिले.

"नळ्या आकसतात," मिस्त्री म्हणाला. "घंटेची तार काढली तेव्हा इकडची ऊबही थोडी कमी केली होती मी. त्याला इथे ठेवल्यावर आणखी केली. तेव्हापासून आकसतात. हे मला कोणी शिकवायला नको, माझं पोट भरतं यावर."

"माहीत होतं तुम्हाला? मग हे काय चाललंय तुमचं?"

त्याने पाना खाली ठेवला. "तेव्हा माणूस जिवाच्या आकांताने ठोकत होता, तर आपण रोजचं रडणं समजलो. आता नळी ठोकतेय. माणूस समजायला आपल्या बापाचं काय जातं?" आणि मग दुसरीकडे पाहत: "मी तर तेव्हा टेबलावर हात आपटून हसत होतो, डॉक्टर. हाक ऐकू येऊ नये म्हणून. तुम्हाला येऊ नये म्हणून. म्हटलं, बिचारीला लाज वाटेल दिराची."

तिने कोठीचे दार लावून घेतले. तिघांनीही दया दाखवली होती. कोठी दयेने बंद झाली होती.

त्याच दिवशी तिने निरोप पाठवला, आधी केंद्राला आणि मग घरी. कप्तानबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठवा. माझंही नाव घाला." घरच्या निरोपात तिने एकही विशेषण वापरले नाही. "आई, तो एकटा नव्हता. आम्ही तिघं बोळाच्या या टोकाला जेवत होतो. त्याने ठोकलं. मग मला हाक मारली, पुन्हा पुन्हा मारली. मी ऐकली. मी उठले नाही. मी एक विनोद सांगितला. त्याच्या हातांची सालटं निघाली होती, ती मी झाकली. तुम्ही म्हणाला होतात, ऐकून घेईन. म्हणून सांगितलं."

केंद्राचे उत्तर आधी आले. प्रदीर्घ प्रवासात असे आभास संभवतात. यापूर्वीची निवेदने पुरेशी आहेत. सर्वांनी विश्रांती घ्यावी. प्रशिक्षण केंद्रातल्या त्या निवृत्त प्रवासिनीला आपल्या शिष्यांचा अभिमान वाटला असता. विद्या बोळाच्या टोकापासून थेट कचेरीच्या शिखरापर्यंत पोहोचली होती.

मग सासूबाई पडद्यावर आल्या. त्याच खुर्चीत, तितक्याच ताठ. मागे या वेळी कोणी उभे नव्हते.

"तुझा निरोप मिळाला गं," त्या म्हणाल्या. "मधे आवाज गेला होता. काही नीट ऐकू आलं नाही. माझेही कान आता कामातून गेलेत म्हण. इकडे सगळं ठीक आहे. मोरी तुंबली होती, ती काढून घेतली. तू जेवत जा वेळेवर." त्यांनी पदर सारखा केला. त्यांची नजर थेट समोर होती आणि पापणी हलत नव्हती. "झोपेत गेला म्हणालीस ना पहिल्यांदा, तेच मी सगळ्यांना सांगितलंय. आता पुन्हा काही पाठवू नकोस. ऐकू येत नाही मला."

निरोप अर्धा पोहोचण्याची त्या यंत्रात सोय नव्हती. आला तर पुरता येई, नाही तर मुळीच नाही. आणि स्वयंपाकघरात वाटी पडली तर कोणती पडली हे फाटकातून ओळखणाऱ्या त्या बाईचे कान कामातून गेलेले नव्हते. डॉक्टरने चित्र तिथेच थांबवले. ही माफी होती, की घराचे दार कायमचे लागले होते? विचारण्याला मार्ग नव्हता. ज्यांनी ऐकलेच नाही, त्यांना कोणत्या तोंडाने विचारणार? तिने नकळत मूठ वळली आणि पडद्याच्या काचेवर, सासूबाईंच्या मिटलेल्या ओठांशी, पेरांनी ठोकले. आधी हलकेच. मग जरा जोरात.